शरभाच्या पायाखालचे हत्ती

एका राज्यात शौर्यकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. त्याच्या नगराच्या वेशीवर दगडात कोरलेला शरभ होता. धड सिंहाचे, पंख गरुडाचे आणि पंजांखाली दाबलेले हत्ती. राजा पाहुण्यांना अभिमानाने सांगे, "हे हत्ती म्हणजे माझे शत्रू!"

राजाला एकच कन्या, हेमकळा. कराळाक्ष नावाच्या मांत्रिकाने तिला मागणी घातली. राजाने त्याला हाकलून लावले. तेव्हा मांत्रिक बोलला, "राजा, तुझी लेक पुसल्या रांगोळीसारखी विरून जाईल!"

आणि तसेच होऊ लागले. आधी राजकन्येची सावली गेली. मग बोटे काचेसारखी झाली. पुढे तर तिच्यामागची समई तिच्यातून दिसू लागली. वैद्य हरले, पंडित हरले. अखेर राजवाड्यातली साळुंकी बोलली, "पुसत चाललेली काया गोंदल्याने टिकेल. काजळ गंडभेरुंडाच्या पिसाचे हवे, ते मकराच्या आसवात खलायला हवे, सुई शरभाच्या नखाची हवी. पण हिसकावलेले चालायचे नाही. त्यांनी आपणहून दिले पाहिजे."

नगरात केवडा नावाची गोंदणारीण होती. या दिव्य प्राण्यांना तिने जन्मभर लोकांच्या दंडांवर गोंदले होते, पण पाहिले एकालाही नव्हते. ते खरोखर दिसतात कसे, याची तिला फार ओढ होती. ती दरबारात येऊन म्हणाली, "महाराज, मी जाते." साळुंकी तिच्या खांद्यावर बसली आणि दोघी निघाल्या.

उंच कड्यावर गंडभेरुंड बसला होता. एक धड, दोन माना, दोन्ही चोची दोन दिशांना. केवडाने पीस मागितले.

डावे मुख म्हणाले, "तुम्ही आम्हांला पाठमोरेच काढता."

उजवे म्हणाले, "म्हणून आम्ही तसेच राहिलो. भावाचे तोंड मी पाहिलेले नाही."

केवडाने कोळसा घेतला आणि कातळावर दोन्ही मुखे समोरासमोर काढली. शेवटची रेघ पुरी होताच दोन्ही माना वळल्या. भावांनी एकमेकांना न्याहाळले. "अरे, तू तर माझ्यासारखाच!" म्हणून दोघे इतके हसले की पिसे आपोआप गळून पडली.

पुढे नदीच्या डोहात मकर होता. हत्तीची सोंड, माशाची शेपटी, गुहेसारखा जबडा.

तो म्हणाला, "सगळे मला गिळताना काढतात. माझ्या तोंडात हात घाल आणि आत काय आहे ते सांग."

केवडाने डोळे मिटून खांद्यापर्यंत हात घातला. दातांपलीकडे काहीतरी मऊ, इवलेसे वळवळले आणि तिचे बोट चोखू लागले.

"अगंबाई! पिल्ले आहेत!"

"पूर आला की मी त्यांना इथे ठेवतो," मकर म्हणाला. "इतक्या युगांत कुणी हात घालून पाहिला नाही." त्याचे डोळे भरून आले. केवडाने ते आसू शिंपल्यात धरले.

शरभ पर्वताच्या माथ्यावर उभा होता. त्याच्याभोवती रानहत्ती निवांत चरत होते.

"हे माझे सोबती," तो म्हणाला. "तुमच्या वेशीवर मी यांनाच तुडवतो आहे. त्यांना मोकळे करा, मग मी स्वतः नख घेऊन येईन."

केवडा धावत परतली. तोवर राजकन्येचा नुसता आवाज उरला होता. केवडाने राजाला शरभाचा निरोप सांगितला.

राजा हळूच म्हणाला, "बाई, माझ्या वंशाची कीर्ती त्या दगडात आहे."

"आहे, महाराज. आणि लेक महालात आहे."

राजाने मुकुट उतरवून ठेवला, छिन्नी घेतली आणि स्वतःच्या हाताने पंजांखालचा दगड फोडला. दगडी हत्ती उठले, अंगावरची धूळ झटकून रानाच्या वाटेने चालू लागले. त्याच घडीला शरभ आकाशातून उतरला, त्याने पंजा पुढे केला आणि नख गळू दिले.

केवडा महालात गेली. शय्येवर कुणीच दिसत नव्हते.

"राजकन्ये, हात कुठे आहे?"

"इथे," आवाज आला.

तिने चाचपडत मनगट धरले. पीस जाळून केलेल्या, आसवांत खललेल्या काजळात बुडवलेली नखाची सुई टोचली.

"आई गं! दुखतंय!" हेमकळा ओरडली, आणि त्या शून्यात रक्ताचा एक लाल थेंब उमटला.

"दुखतंय? खरंच दुखतंय?" राजा हसतही होता आणि रडतही होता. "दुखू दे, बाळ, दुखू दे!"

टिंबामागून टिंब पडत गेले. मनगट दिसले, दंड दिसला, मग रुसलेला, गोरामोरा चेहरा दिसला. एका दंडावर समोरासमोर पाहणारा गंडभेरुंड, दुसऱ्यावर पिल्लांना जपणारा मकर आणि खांद्यावर हत्तींसोबत चरणारा शरभ उमटला. शाप निघाला तो आपल्या धन्याकडे परतला. कराळाक्षाचा नुसता खोकला उरला. रानात तो अजून ऐकू येतो म्हणतात.

राजाने विचारले, "केवडे, काय देऊ?"

"काही नको, महाराज. बाहेर सारे नगर गोंदून घ्यायला बाह्या सरसावून बसले आहे. मला जाऊ द्या."

तिने अंगणात चटई अंथरली आणि पहिल्या बाईचा हात मांडीवर घेतला. त्या नगरात सुख नांदले, तसे ऐकणाऱ्यांच्या घरीही नांदो.