उजवा कौल

फार फार वर्षांपूर्वी, देवांना दारं आणि कुलपं नुकती कुठे बसायला लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. पोरांनो, ऐका. थोरांनो, तुम्हीही ऐका. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे जमणार नाही.

एका खाडीकाठी टोपल्या विणणारी एक म्हातारी राहायची. गावदेवीशी ती शेजारणीशी बोलावं तशी बोलायची. "काय गं बये, आज एवढं ऊन कशाला?" कधी कधी भांडायचीसुद्धा.

गावातल्या शहाण्यांना हे रुचेना. शहाणे सगळ्याच गावांत असतात, तुमच्याकडे जरा जास्तच. त्यांनी देवीला देऊळ बांधलं, गुरव नेमला आणि ठरवलं, की यापुढे देवी फक्त कौलातून बोलेल. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. कौलाशिवाय होडी सोडायची नाही.

एका पहाटे म्हातारीची लेक बाळंतपणात अडली. सुईण खाडीपलीकडे. भरती होती, होडी तयार होती. म्हातारीनं डोळे मिटले. आतून देवी म्हणाली, "नीघ."

ती वल्हं उचलणार, तोच गावकरी आडवे आले. "कौल कुठाय?"

"तिनं आत्ताच सांगितलं मला."

"तुला? देवी काय तुझ्याकडे मीठ मागायला येते होय?"

सगळे हसले. म्हातारी बिचकली. एवढी माणसं म्हणतात, म्हणजे आपलंच चुकलं असेल. ती देवळात गेली.

गुरवानं फुलं लावली. हवा दमट. फुलं हलेनात.

"देवी विचारात आहे," गुरव म्हणाला.

"अरे, माझी पोर तिकडे तडफडतेय!"

"देवीला घाई करू नये, आजी."

ओहोटी लागली. होडी चिखलात रुतली. दुपार कलल्यावर उजवं फूल पडलं.

"होकार! जा आजी, जा!" ढोल वाजले.

घरी लेक थंडगार पडली होती. पोटातलं बाळही गेलं होतं.

"देवीची मर्जी," गुरव दारात येऊन म्हणाला.

"तिची मर्जी पहाटेच कळली होती रे बाबा," म्हातारी म्हणाली. "मी तुमचं ऐकलं."

त्यानंतर ती देवीशी कधी बोलली नाही. कुठल्या तोंडानं बोलणार? गावानं मात्र धडा घेतला बरं का! दमट हवेत फुलं पुसून लावायची, असा नवा नियम केला.

तात्पर्य: देव मनात बोलला, तर त्याच्या दारवानाला विचारायला थांबू नये.