बोटभर फाट

"हे टाके कुणी घातले?" वस्तादांनी विचारलं.

भानुदासनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

दहा वाजून गेले होते. अकराला गावच्या शहीद स्तंभापाशी कार्यक्रम होता आणि तिथं मशकबीन, पलटणीच्या बँडमधलं ते फुंकायचं पिशवीचं वाद्य, त्याला एकट्याला वाजवायची होती. पहिल्यांदाच.

वस्ताद म्हणजे निवृत्त सुभेदार केरबा काळंगे. सव्वीस वर्षं पलटणीच्या बँडमध्ये मशकबीन वाजवलेला माणूस. आता छाती साथ देत नव्हती. त्यांचा मुलगा आनंदाही त्याच बँडमध्ये होता. तो सीमेवर मारला गेला, त्याचं नाव स्तंभावर कोरलंय. त्यानंतर वस्तादांनी कुणाला शिकवलं नव्हतं. भानुदास पहिला.

काल संध्याकाळी त्यांनी आनंदाचा किल्ट भानुदासच्या हातात ठेवला. हिरव्या-निळ्या चौकड्यांचा, चुण्यांचा, गुडघ्यापर्यंत येणारा लोकरी घागरा. ठेवला, आणि एक शब्द न बोलता घरात गेले.

आज भानुदास तो नेसायला त्यांच्याकडे आला होता. नेसवण्याआधी वस्ताद एकेक चुणी बोटांनी चाचपत होते. नजर अधू झाली होती, पण बोटं एका जागी थांबली ती हलेनात...

"आधीचंच असेल, वस्ताद," भानुदास म्हणाला.

"आधीचं."

"हो."

वस्तादांनी कोनाड्यातली कात्री घेतली आणि भानुदासनं घातलेले टाके कचाकच कापून टाकले. बोटभर फाट पुन्हा उघडी पडली. आधीपेक्षा मोठी दिसत होती.



"वस्ताद, वेळ नाही. लोक जमलेत."

"सुती दोरा वापरलास."

"घरात तोच होता."

"लोकरीत सुती दोरा. ताण पडला की शेजारचंही घेऊन जातो." त्यांनी किल्ट त्याच्यापुढं सारला. "आतल्या पदराच्या कडेचे धागे काढ. त्याचे त्यालाच लाव. एक धागा वरून, एक खालून. मला सुई दिसत नाही. तू कर."

चौकातून कर्ण्याचा आवाज आला. हॅलो, हॅलो. मग ढोलावर कुणीतरी हात मारून पाहिला. भानुदास पंचा गुंडाळून जमिनीवर बसला. धागा सुईत जाईना. तीनदा चुकला. चौथ्यांदा सुई बोटात गेली, तसा त्यानं हात झटकन मागं घेतला. रक्त लागलं तर...

"श्वास कोंडलायस," वस्ताद म्हणाले.

त्यानं श्वास सोडला.

वरून, खालून. वरून, खालून. निळ्यावर निळा, हिरव्यावर हिरवा. घाम डोळ्यांत उतरत होता. दारात कुणीतरी येऊन म्हणालं, सरपंच विचारतायत. वस्तादांनी मान वर केली नाही. माणूस परत गेला.

"वस्ताद..."

"हं."

"आधीचं नव्हतं. काल रात्रीच नेसलो. गल्लीतनं एक चक्कर मारली. लोकांनी बघावं म्हणून. वळताना कुंपणाच्या तारेत अडकला."



"कुणी बघितलं?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही. सगळी जेवायला बसली होती."

वस्तादांनी हात पुढं केला. रफूवरून अंगठा फिरवला. एकदा उलट, एकदा सुलट.

"नेस," ते म्हणाले.

भानुदासनं वाजवलं. सुरुवातीला सूर थरथरला, एका जागी तर तुटलाच. मग स्तंभावरची नावं वाचायला लागले आणि तो वाजवत राहिला. आनंदाचं नाव आलं तेव्हा त्यानं वस्तादांकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर फुंक सुटली असती.

दुपारी तो किल्टची नीट घडी घालून वस्तादांच्या ओसरीवर आला. घडी दोन्ही हातांवर धरून उभा राहिला.

"परत घ्या, वस्ताद."

"का?"

"रात्रभर झोपलो नाही. वाजवतानाही लक्ष तिथंच होतं. आनंदाची एवढी एकच वस्तू तुमच्याकडं, आणि पहिल्याच दिवशी मी... माझ्याच्यानं जपणं व्हायचं नाही. पुन्हा फाटला तर?"

 भानुदासचे हात पुढंच होते. वस्तादांनी आपले हात पाठीमागं बांधले.



"माझ्याकडं नऊ वर्षं पेटीत होता," ते म्हणाले. "कुठंच फाटला नाही."