चार बोटं बाहेर

“पंचांनी बाद दिलं. मग पाप माझं कसं, गुरुजी?”

कुराहाशी नीट बसायच्या आधीच हे विचारून मोकळा झाला.

वृद्ध भिक्षू एन्काई मठाच्या ओसरीवर संत्री निवडत बसले होते. त्यांनी मानही वर केली नाही.

“पाप कोण म्हणालं?”

कुराहाशी ओसरीच्या कडेला टेकला.

सतरा वर्षं तो व्यावसायिक बेसबॉल खेळला होता. काम कॅचरचं, म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलायचे. गुडघे कामातून गेले, डाव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली, पण जपानभर नाव झालं. उद्या ओसाकाला त्याचा निरोपाचा सामना होता. भर मैदानात त्याला फुलं द्यायला जुना प्रतिस्पर्धी मोरिवाकी येणार होता. ते कळल्यापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

“आठ वर्षांपूर्वीचा अंतिम सामना,” तो म्हणाला. “शेवटचा चेंडू. मोरिवाकीनं बॅट हलवलीच नाही. चेंडू ठरलेल्या चौकटीच्या बाहेरचा असेल तर सोडायचा असतो... पण अशा वेळी आतला सोडला की फलंदाज गेला.”

“आणि हा?”

“पंचांनी आतला ठरवला.”

“मी तुला विचारतोय.”

कुराहाशी दुखरा गुडघा चोळू लागला.

“मोरिवाकी काय म्हणाला?” एन्काईंनीच विचारलं.

“काही नाही. पंचांना वाकून नमस्कार केला आणि गेला. अडतीस वर्षांचा होता. क्लबनं त्याला पुन्हा घेतलं नाही...”

“मग तुला कसली टोचणी?”

“लोक म्हणतात, झेलल्यावर मी हात आत ओढला. चेंडू आतला वाटावा म्हणून काही कॅचर ओढतात तसा.” त्याचा आवाज चढला. “मी नाही ओढला! आठ वर्षं हेच सांगतोय. माझा हात हलला नाही.”

एन्काईंनी हातातलं संत्रं एकदम त्याच्याकडे फेकलं. बरंच डावीकडे.

कुराहाशीनं ते अलगद टिपलं.

एन्काई नुसते त्याच्या हाताकडे बघत राहिले.

मग कुराहाशीनंही बघितलं. संत्रं त्याच्या छातीसमोर होतं. ते इथं कधी आलं, हे त्याला कळलंही नव्हतं.

दुसरं संत्रं आलं, या वेळी उजवीकडे. हातानं तेही गुपचूप मध्ये आणून ठेवलं.

...

दोन्ही संत्री मांडीवर ठेवून कुराहाशीनं आपल्या वाकड्या बोटांकडे बघितलं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“चेंडू चार बोटं बाहेर होता, गुरुजी,” तो शेवटी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “चांगला चार बोटं.”

एन्काई पुन्हा संत्री निवडू लागले.

“उद्या मोरिवाकी समोर उभा राहील... मी करू काय?”

“तो फुलं देईल ना?”

“हो.”

“जिथं देईल, तिथंच धर.”