तिरपा पट्टा

भाविकहो, फादर शांतवन अजून फादर झाले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. गुरुदीक्षेला सात महिने होते. बिशपांनी त्यांना डिकन म्हणून सावरदऱ्याच्या धर्मग्रामात धाडले होते. डिकनला बाप्तिस्मा देता येतो, लग्न लावता येते, मयताला माती देता येते.

मिस्सेची उपासना करता येत नाही. पापाची क्षमा देता येत नाही.

गिरणीवाला दाविद म्हणे, "आपल्या नशिबी एका अंगानं भाजलेली भाकर आली!" गिरणीवर हशा पिके. शांतवनही हसत. मग देवळात जाऊन एकटेच बसत.

शुक्रवारी दाविदच्या आईचे, रूथबाईंचे, हातपाय गार पडू लागले. चाळीस वर्षे ही बाई दर रविवारी मिस्सेला आली, पण ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घ्यायला एकदाही उठली नाही. का, ते कुणालाच ठाऊक नव्हते. आता तिला एकच हवे होते. फादरांपुढे पापनिवेदन करून क्षमा.

धर्मग्रामाचे मोठे फादर डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर होते. त्यांना आणायला माणूस धाडला, पण जाऊन-येऊन वाट दोन दिवसांची.

"फादर आले का?" रूथबाईंनी विचारले.

"नाही आजी. मी शांतवन."

दाविदने त्यांना ओट्यावर ओढले. डिकनचा विधीवेळचा कापडी पट्टा एका खांद्यावरून तिरपा असतो. त्याने तोच धरला. "हा सरळ घाला. दोन्ही खांद्यांवरून, मोठ्या फादरांसारखा. तिला मोतीबिंदू, काय दिसतंय? क्षमेचे चार शब्द म्हणा. म्हातारी सुखानं जाईल."

"ते शब्द माझे नाहीत, दाविदभाऊ."

"मग तुम्ही आहात कशाला?"

शांतवनांनी पट्टा त्याच्या हातातून सोडवून घेतला.

ते आत जाऊन रूथबाईंच्या उशाशी बसले. पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. "देव तुमचं मन बघतो, आजी."

"बघत असंल. पण माफ केलं, हे मला कानानं ऐकायचंय."

शनिवार. पाणी तोंडातून बाहेर येऊ लागले.

शांतवन गुडघ्यांवर. देवा, तिला थांबव. देवा, नाहीतर मला अर्धा ठेवून इथं का आणलंस?



रविवारी सकाळी श्वास थांबला. सुनेने नाकाशी सूत धरले. सूत हलले नाही. दाविद भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आता तुमचं काम आलं. म्हणा मयताची प्रार्थना. तेवढी तरी येते ना?"

शांतवन उठले. पुस्तक उघडले. पहिली ओळ म्हणायला ते वाकले, आणि गार बोटांनी त्यांचा पट्टा घट्ट धरला.

"एवढ्यात नको," रूथबाई म्हणाल्या.

सुनेच्या हातातले सूत गळून पडले. आणि त्या बोटांनी पट्टा सोडला नाही, दुपारी मोठे फादर घोड्यावरून उतरेपर्यंत! सगळे बाहेर थांबले. काय पाप होते, ते देव जाणे आणि ते फादर. दार उघडले तेव्हा बाईंच्या जिभेवर चाळीस वर्षांनी ख्रिस्तशरीर होते. घटकाभरात त्या गेल्या.

दाविद शांतवनांच्या पायांवर कोसळला. "तुमच्या प्रार्थनेनं थांबली ती!"

"नाही हो." शांतवन त्याला उठवू लागले. "मी सकाळीच आशा सोडली होती. प्रार्थनाही सोडली होती. मी तिला माती द्यायला उठलो होतो."

भाविकहो, हे ऐकून दाविदने डोके वर केले नाही. डोके आणखी खाली गेले, जमिनीला टेकले, आणि त्याच्याशेजारी शांतवनांनीही देवापुढे डोके टेकवले.