कागदावरचं सुतक

"...पण मग ऐकणाऱ्याचे डोळे कोरडे का राहतात, महाराज?"

सर्जेराव काटकरांनी हा प्रश्न आजवर कुणाला विचारला नव्हता. युद्धकादंबऱ्या लिहिण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, निदान त्यांच्या मते तरी. या खेपेला मात्र घोडं शेवटच्या प्रकरणात अडलं होतं. नायक धारातीर्थी पडत होता आणि ऐकणारे जांभया देत होते. बायकोने तर ऐकता ऐकता मेथीची जुडी निवडून संपवली. आपल्याला मुळात लिहिता येतं का, हीच धास्ती आता त्यांच्या मनाने घेतली होती.

म्हणून ते टेकडीवरच्या मठात आले होते. केशवपुरी महाराज संन्यास घेण्याआधी पलटणीत होते, असं लोक सांगत. विचारलं तर महाराज नुसते हसत.

"वाच," महाराज म्हणाले.

सर्जेरावांनी घसा खाकरला. "आधीच सांगतो, विक्रांत कुणावर बेतलेला नाही. अगदी पोटच्या पोरासारखा वाढवलाय मी त्याला."

"बरं..."

विक्रांतने एकट्याने चौकी राखली. छातीवर गोळ्या झेलल्या. बर्फात पडल्या पडल्या हसत डोळे मिटले. इथे सर्जेरावांचा आवाज चढला आणि त्यांनी चोरून महाराजांकडे पाहिलं. चेहरा होता तसाच होता.

"घरी कळलं?"

"कळलं ना! आईने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. ताठ उभी राहिली. वीरमाता ती!"

"बायको?"

"तिने कडेवरच्या लेकराच्या डोक्यावर बापाची टोपी ठेवली."

"आणि विक्रांतचा बाप?"

"त्याला मी ठेवलाच नाही. उगाच प्रकरण लांबलं असतं."

"मग आंघोळ कुणी केली?"

"कसली आंघोळ?"

"घरचा माणूस गेला... कुणी अंगावर पाणी घेतलं की नाही?"

सर्जेरावांनी पानं मागेपुढे चाळली. प्रकरणात तोफा होत्या, बिगुल होता, तिरंगा होता. पाण्याचा थेंब नव्हता.

"ते राहिलंच," ते पुटपुटले.

महाराज उठले. आडाशी गेले, पोहरा आत सोडला आणि अंगावरच्या भगव्या छाटीसकट डोक्यावर पाणी ओतून घेतलं. ऐन पौषातली सकाळ. बघणाऱ्याच्याच अंगावर काटा आला.

सर्जेरावांना काही उमगेना. महाराजांची आंघोळ पहाटेच उरकली होती, दोरीवर धुतलेली छाटी वाळत होती. असं अवेळी, कपड्यांसकट पाणी माणूस कधी घेतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आपलं कुणी गेल्याचं कानावर आलं की. पण इथे कोण गेलं होतं?

ते लगबगीने आडाशी आले. "महाराज, कुणाची बातमी आली का?"

"तूच आणलीस की."

"विक्रांतची?" सर्जेरावांना हसूच फुटलं. "अहो, तो कागदावरचा! आणि संन्याशाला कसलं सुतक? तुम्ही तर नातीगोती सगळी सोडलेली."

"सोडलीत."

"मग?"

महाराजांच्या दाढीतून पाणी ठिबकत होतं.

"त्याच्या घरात कुणालाच सुतक नव्हतं रे... पोरगं तसंच पडून होतं."

सर्जेरावांचं हसू ओसरलं. विक्रांतला त्यांनी बर्फात पाडलं होतं आणि पुढच्याच ओळीत टाळ्यांची वाट पाहिली होती. त्याला तिथे थंडी वाजली असेल, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. आता आलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं. लिहिताना ते एकदाही वाटलं नव्हतं.

"मी... मी काय करू, महाराज?"

महाराजांनी पोहरा पुन्हा आडात सोडला. काठोकाठ भरून वर ओढला आणि सर्जेरावांच्या पायाशी ठेवला.

"कागद बाजूला ठेव," ते म्हणाले. "बाप तूच ना त्याचा?"