कव्हराखालची थरथर

एका घाटमाथ्यावरच्या गावात विश्राम चाळके नावाचा एक ड्रायव्हर राहत होता. त्याची गाडी वीस वर्षांची होती आणि तीन लाख किलोमीटर पळालेली होती. दवाखाना घाटाखाली, तालुक्याला होता. त्यामुळे गावात कुणी आजारी पडलं की माणसं विश्रामच्या दाराशी येत.

इंदूबाई आठवड्यातून दोनदा येत. त्यांनी गावच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं होतं, विश्रामलाही. आता त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. डायलिसिस चुकवून चालत नसे.

एकदा घाट उतरताना विश्रामने ब्रेक दाबला आणि त्याच्या हातात स्टिअरिंग थरथरलं. वळण सरलं, थरथर थांबली. 'रस्ताच खराब आहे,' त्याने स्वतःला सांगितलं.

पुढच्या खेपेला ती पुन्हा आली. मग दर वळणाला येऊ लागली. घाट लागण्याआधीच विश्रामला घाम फुटायचा. शेवटी त्याने बाजारातून एक जाड, मऊ कव्हर आणलं आणि स्टिअरिंगवर चढवलं. थरथर हाताला कमी जाणवू लागली, गाडी मात्र हादरतच होती.

"विश्रामच्या गाडीत बसलं की आखडलेलं अंग आपोआप मोकळं होतं," मागे बसलेली सुलू फुलवाली म्हणाली. सगळे हसले. विश्रामही हसला.

शेजारी बसलेल्या इंदूबाई हसल्या नाहीत. त्या मांडीवरच्या बाटलीकडे बघत होत्या.

"विश्राम, या पाण्याला कसली रे थंडी वाजतेय?"

"गाडीचं वय झालं, बाई."

"वय माझंही झालंय. मेस्त्रींना दाखव."

गणू मेस्त्रींचं गॅरेज घाटाच्या तोंडाशीच, उतार सुरू होतो तिथे होतं. त्यांची एक रीत होती. गाडीला हात लावण्याआधी ते ड्रायव्हरला समोर बसवत.

"थरथरते कधी? वेग घेतल्यावर, की ब्रेक मारल्यावर? वळताना काही वाजतं?"

विश्रामला उत्तर ठाऊक होतं. वळताना डाव्या चाकाकडून 'खट्' असा आवाज येत होता. पण खरं सांगितलं आणि मेस्त्री म्हणाले, ही आता भंगारात घाल, तर? गाडीशिवाय गावात आपल्याला कोण विचारतो? वेगात थरथरली तर फक्त चाकांचा तोल बिघडलेला असतो, दुखणं किरकोळ असतं, असं त्याने ड्रायव्हरांकडून ऐकलं होतं. त्याने ते दुखणं निवडलं.

"वेग घेतल्यावर," तो म्हणाला. "वाजत काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

मेस्त्रींनी चाकांचा तोल साधून दिला.

तिसऱ्या दिवशी विश्राम इंदूबाईंना आणि सुलूला घेऊन निघाला. सपाटीवर गाडी लोण्यासारखी चालली. गॅरेज मागे पडलं, उतार सुरू झाला. त्याने ब्रेकवर पाय ठेवला मात्र, सगळी गाडी हादरली. 'खट्.' समोर पहिलं वळण होतं आणि वळणापलीकडे नुसतं धुकं. इंदूबाईंनी बाटली दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

विश्रामने हळूहळू गाडी डोंगराच्या कडेला घेतली आणि थांबवली.

"का रे थांबलास? माझी फुलं सुकतील, चल की!" सुलू म्हणाली.

विश्राम इंदूबाईंकडे वळला. "बाई, मी मेस्त्रींना खोटं सांगितलं. ब्रेक मारला की थरथरते. वळताना वाजतंही. गाडी गेली तर माझं काय, या भीतीने बोललो नाही."

इंदूबाईंनी बाटली खाली ठेवली.

"पाय सुजायला लागले तेव्हा मीही डॉक्टरांना वर्षभर सांगत होते, वर्गात उभं राहून सुजतात म्हणून," त्या म्हणाल्या. "जा. मेस्त्रींना बोलाव. मी एसटीने जाईन."

एसटी यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात विश्रामने रस्त्याकडे किती वेळा पाहिलं, ते त्यालाच ठाऊक. अखेर सुलूने बाईंचा हात धरून त्यांना वर चढवलं, तेव्हा कुठे तो मेस्त्रींना आणायला गॅरेजकडे चालत निघाला.

मेस्त्रींनी जॅक लावून डावं चाक उचललं. वरून आणि खालून धरून हलवलं. हलणाऱ्या दातासारखं चाक डुललं.

"हा सांधा चाकाला धरून ठेवतो," मेस्त्री म्हणाले. "पार झिजलाय. आजचा घाट त्याने काढला नसता."

विश्रामने स्वतः चाक धरून हलवून पाहिलं.

"त्या दिवशी 'ब्रेक' म्हणाला असतास, तर तेव्हाच हलवून पाहिलं असतं," मेस्त्री हात पुसत म्हणाले. "गाडीला बोलता येत नाही, म्हणून तुला विचारतो मी."

"भंगारात घालायची का?"

"कुणी सांगितलं? सांधा बदलू. पळेल अजून."

पुढच्या खेपेला इंदूबाई शेजारी बसल्या, तेव्हा स्टिअरिंगवर कव्हर नव्हतं. पहिल्या वळणावर विश्रामने ब्रेक दाबला आणि आधी बाटलीकडे पाहिलं. पाणी स्थिर होतं.

तात्पर्य: वाईट उत्तराच्या भीतीने दुखणं लपवलं, तर ते बरं होत नाही, फक्त दिसेनासं होतं. विचारणाऱ्याला वेळेवर खरं सांगावं.