उरलेली पट्टी

फार पूर्वीची गोष्ट. बर्फाळ डोंगरांमधल्या एका लहानशा गावात एक म्हातारा चित्रकार राहत होता. गावच्या दगडी चर्चमध्ये वेदीच्या पुढच्या बाजूला लावायचं लाकडी चित्र तो मुलीच्या मदतीने रंगवत होता. त्याची नजर मंद होत चालली होती. हे आपलं शेवटचं चित्र, हे त्याला ठाऊक होतं.

त्या गावात एक रीत होती. चित्रासाठी फळ्या जोडल्या की प्रत्येक घराने जुन्या कापडाची एक पट्टी द्यायची. चित्रकार त्या पट्ट्या सरसाने सांध्यांवर चिकटवायचा, वर खडूचा लेप द्यायचा आणि मग रंग. पट्ट्या कुणाला दिसायच्या नाहीत, पण थंडीत लाकूड आक्रसलं तरी रंगाला तडा जायचा नाही.

चर्चचा वार्षिक सण तोंडावर आला तेव्हा चित्र पूर्ण झालं. मधोमध मेरीमाता, मांडीवर बाळ. तिचा चेहरा इतका शांत उतरला होता की मुलगी हातातलं काम सोडून पाहत राहायची.

केर काढताना तिला बाकाखाली एक पट्टी सापडली. जाडीभरडी, मेंढ्यांचा वास येणारी. टेकडीवरच्या मेंढपाळ आजीची.

तिने ती चित्रकाराच्या हातात दिली. पट्टी उरली, म्हणजे एक सांधा उघडाच राहिला होता. त्याने चित्रावरून बोट फिरवलं. मेरीमातेच्या चेहऱ्यावर एक बारीकशी खाच बोटाला लागली.

"बाबा, ही खाच कुणाला दिसणार आहे?" मुलगी म्हणाली. "आणि असा चेहरा तुम्हाला पुन्हा जमायचा नाही."

"नाही जमायचा," तो म्हणाला. "पण थंडी पडली की लाकूड काही मला विचारायला येणार नाही. खरवडणी आण."

पाद्रीबाबांनी निदान सण होऊ द्या म्हणून विनवलं. पण एकदा सगळ्यांनी वाहवा केली की आपलाच हात धजायचा नाही, हे तो ओळखून होता. त्याने तो चेहरा स्वतःच्या हाताने खरवडला.

सणाला वेदी उघडीच राहिली. पाणचक्कीवाला सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, लोक चित्र रंगवतात, तुम्ही पुसता. पुढच्या सणाला फळ्याही उरायच्या नाहीत." लोक हसले. चित्रकार घरी आला आणि सरस तापत ठेवला.

पट्टी बसली, लेप वाळला. चेहऱ्याची वेळ आली, तर त्याचा कुंचला रेघेबाहेर जाऊ लागला. त्याने तो मुलीच्या हाती दिला आणि स्वतः अंड्याच्या बलकात रंग कालवायला बसला.

"तुमच्यासारखा नाही येणार, बाबा."

"तुझ्यासारखा येऊ दे."

चित्र वेदीला लागलं आणि त्या हिवाळ्यात कधी नव्हे अशी थंडी पडली. भर प्रार्थनेत वेदीच्या फळ्या कडकडल्या. सगळ्यांच्या माना वळल्या. मेरीमाता जशीच्या तशी होती, कुठे केसाएवढीही चीर नव्हती.

प्रार्थना संपल्यावर मेंढपाळ आजी हळूच पुढे आली. "माझं कापड कुठं लावलंस रे?"

चित्रकाराला आता जवळजवळ दिसत नव्हतं. त्याने त्या चेहऱ्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग तो हसला.

"इथंच लावलंय, आजी. पण मलाही सापडत नाही."

तात्पर्य: काम असं करावं की कुणी न पाहिलेली बाजूही पक्की असावी, त्यासाठी आपल्याच हातचं चांगलं मोडावं लागलं, तरी कचरू नये.